आधी हात बघ

प्रिय मुली,

एकोणिसाव्या शतकातल्या रशियन चित्रकारांनी रंगवलेल्या कष्टकऱ्यांवरचं तुझं तिसरं प्रकरण रात्री वाचलं, आणि खाली लिहिलेला प्रश्नही: 'सर, व्हेनेत्सियानोव्ह स्वतः जमीनदार, भूदासांचा, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलामवजा शेतकऱ्यांचा, मालक. त्याचे शेतकरी खरे कसे मानायचे? त्याला वगळून सरळ रेपिनकडे वळू का?'

वगळू नकोस. निवाडा नंतर कर, आधी हात बघ.

हे मला फार उशिरा कळलं. व्हेनेत्सियानोव्हचं 'नांगरलेल्या शेतात. वसंत' हे चित्र मी वीसेक वर्षं वर्गात दोन मिनिटांत निकालात काढलं, 'मालकाच्या नजरेतलं गोड खेडं' म्हणून. तेही पुस्तकातल्या छापील चित्रावरून. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत ते समोर आलं, तर जेमतेम 51 बाय 65 सेंटिमीटर! गुलाबी सराफान (लांब, बिनबाह्यांचा रशियन झगा) घातलेली अनवाणी बाई दोन घोडे धरून नांगरटीतून चाललीय, ढेकळं फोडायचं दाताळं मागून ओढलं जातंय. शेताच्या कडेला तिचं मूल मातीत बसलंय. हात घोड्यांपाशी अडकलेले, मुलासाठी एकही मोकळा नाही. माझ्या त्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना मी हे दाखवलंच नाही, याची अजून लाज वाटते.

आता त्याचं 'खळं' हे चित्र घे. तिथे कुणी राबत नाही, सगळे पुतळ्यासारखे, असं तू लिहितेस. बरोबर आहे. पण आतला उजेड नीट दिसावा म्हणून त्यानं खळ्याची आख्खी भिंत करवतीनं कापून काढवली होती. ती करवत कुणाच्या हातात होती? तुझ्या बारा पानांत हा प्रश्न एकदाही का येत नाही? मालकीचा पुरावा शोधत होतीस ना? तो तिथेच आहे. म्हणून म्हणतो, हात बघ.

आणि सोरोकाला तळटीपेत का टाकलंस? ग्रिगोरी सोरोका हा व्हेनेत्सियानोव्हचा विद्यार्थी, शेजारच्या जमीनदाराचा भूदास. त्याला मुक्त करावं म्हणून गुरूनं खटपट केली, मालक बधला नाही. 1861मध्ये रशियातली भूदासपद्धत गेली, 1864मध्ये सोरोकानं आत्महत्या केली. त्याचं 'कोळी' हे मासेमारांचं चित्र बघ: पाणी काचेसारखं, माणसं निःशब्द. स्थिरता ही जमीनदाराची लबाडी म्हणतेस, मग भूदासाच्या कुंचल्यातही ती कुठून आली? उत्तर माझ्याकडेही नाही, पण प्रश्न टाळून पुढे जाऊ देणार नाही.

रेपिनकडे जरूर जा. 'व्होल्गावरचे नावा ओढणारे', 1870 ते 1873. अकरा माणसं, आणि तू त्यांच्या 'राबणाऱ्या हातांवर' परिच्छेद लिहिलायस. अगं, पुन्हा बघ! पट्टा छातीवर आहे, जोर छातीचा आहे. सगळ्यांच्या पुढे असलेल्या माणसाचे, कानिनचे, हात नुसते खाली लोंबताहेत. कामात हातच निरुपयोगी झालेत, हीच तर त्या चित्राची जखम. न बघता कळवळलीस की असं होतं.

मी राजकारण टाळतो, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. टाळलं नाही. आधी ठरवून मग चित्राकडे जायचं, याला नकार दिला, आणि त्यापायी दोन संधी गेल्या. आजही नकारच देईन.

प्रकरण परत पाठवतोय. मतं बाजूला ठेव. या चार चित्रांतला एकेक हात काय धरतोय, काय सोडतोय, एवढंच टिपून पाठव. सोरोकापासून सुरुवात कर.

तुझा,
सर