गराडू मार्चमध्ये मागू नये

तुमचा प्रश्न असा आहे, की हंगामातल्या साध्यासाध्या गोष्टी तुम्ही दरवर्षी ‘नंतर, जरा निवांत’ म्हणून राहू देता, तेवढ्यात हंगाम निघून जातो, तर ही सवय मोडायची कशी? मी इंदूरचा. आजोबा इथे आले तेव्हापासून आम्ही इथलेच, आणि या दुखण्याचा मी जुना रोगी.

आमच्याकडे थंडी पडली की गराडू येतो. तिकडे महाराष्ट्रात कोनफळ मिळतं ना, त्याचाच हा भाऊबंद. सोलताना हात खाजतात, म्हणून आई आधी तळव्यांना तेल चोळून घ्यायची. फोडी एकदा तळून बाजूला ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात सोडतात, वर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी चटपटीत मसाला, भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. खायचा तो सराफ्यात. दिवसा तिथे सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया पेटतात. द्रोण हातात घ्यायचा, काडीनं एकेक फोड टोचायची आणि फुंकर मारत उभ्यानं खायचं. चष्म्यावर वाफ धरते, पुढचं काही दिसत नाही, तरी कुणी थांबत नाही.

तर एका वर्षी असं झालं. भाऊ पुण्यात असतो. त्याचा फोन आला की मी म्हणायचो, ‘सगळे जमलो की जाऊ सराफ्याला.’ तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली, त्यात नोव्हेंबर गेला. डिसेंबरात मुलाची परीक्षा. जानेवारीत माझा घसा धरला. फेब्रुवारीत ऑफिस. रंगपंचमीची गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, होऊन गेल्यावर मार्चमध्ये एका रात्री आम्ही नवराबायको गेलो, तर ओळखीच्या ठेल्यावर गराडू नाहीच. ठेलेवाला हसला आणि म्हणाला, “भिया, अब तो ठंड में आना.” घरापासून सराफा रिक्षानं पंधरा मिनिटं. मला चार महिन्यांत ती पंधरा मिनिटं सापडली नव्हती.

पुढच्या वर्षी मी हुशारी केली. दोन किलो गराडू आणला, फोडी एकदा तळून डब्यात भरल्या आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या. म्हटलं, आता हंगाम माझ्या खिशात. एप्रिलच्या शेवटी भाऊ आला, डबा निघाला. बाहेर चाळीस अंश, कूलर घरघरतोय, आणि कढईपाशी उभं राहायला कुणी तयार नाही. चव वाईट नव्हती हो! पण मुलानं दोन फोडी खाल्ल्या आणि विचारलं, आइस्क्रीम आहे का? भाऊ मनापासून खात होता, तरी मधेच म्हणाला, “थंडीत असता तर...” आणि गप्प बसला. अर्धी चव त्या गारठ्याची होती. ती डब्यात कशी भरणार?

आता लोक म्हणतील, मग वाट बघायचीच नाही का? बघायची की! वाट बघणं आणि पुढे ढकलणं या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो. आई भुट्ट्याच्या कीसाची वाट आषाढापासून बघायची. श्रावण-भाद्रपदात देशी कणसं यायला लागली की प्रत्येक कणीस नखानं टोचून बघायची. दाण्यातून दूध आलं तरच पिशवीत. दाणा जून झाला की कीस जमत नाही, त्यामुळे तिच्या हातात मोजके आठवडे असायचे. पण दुधाळ कणीस मिळालं तो दिवस कीसाचा, मग तो मंगळवार असो की घरात वरणभात झालेला असो. संध्याकाळी किसणी निघायची. साजूक तुपात हिंग-मोहरी, हिरवी मिरची, त्यात कीस, मग दूध, आणि कच्चा वास जाईपर्यंत ढवळत बसायचं. कणसाच्या टोकाशी माझं बोट हमखास सोललं जायचं.

हल्ली स्वीट कॉर्न बारा महिने मिळतं. माझा त्याच्यावर राग आहे. कीस गोडमिट्ट आणि गिळगिळीत होतो, हे एक. दुसरं म्हणजे ‘केव्हाही करू’ची सोय झाली, आणि केव्हाही करू म्हटलेला कीस आमच्या घरी दोन वर्षं झालाच नाही.

मी काय केलं, ते विचाराल तर आधी फोनमध्ये यादी केली. ती उघडायची राहून गेली. मग एकच गोष्ट धरली: पहिल्यांदा दिसलं की तिथेच थांबायचं. सोबत कोण आहे, रविवार आहे का, पोट भरलंय का, काही बघायचं नाही. गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातून उशिरा परतताना गराडूची पहिली कढई दिसली. स्कूटर लावली, एकट्यानं एक प्लेट खाल्ली, भावाला फोटो पाठवला. त्यानं दिलेली शिवी इथे लिहिता येणार नाही. पण डिसेंबरात तो दोन दिवसांची रजा काढून आला.

दुखणं पूर्ण गेलंय असं मात्र समजू नका. महूजवळचा पाताळपाणीचा धबधबा उन्हाळ्यात नुसता कोरडा कडा असतो, जे काय बघायचं ते पावसाळ्यात. तीन पावसाळे झाले, जाऊ जाऊ चाललंय. हे उत्तर लिहितोय तर बायको मागून म्हणाली, “लोकांना शहाणपण शिकवण्यापेक्षा गाडीत हवा भरून आण.”

बाहेर बारीक पाऊस आहे. चाललो.