फिलामेंटचा खटका आधी, व्हॉल्व्ह नंतर

आपण लिहिले आहे की रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरमधील व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) तपासणाऱ्या, हाती आलेल्या टीव्ही-७ टेस्टरवर एकच ६व्ही६ व्हॉल्व्ह सकाळी चांगला ठरतो आणि संध्याकाळी बाद होतो, आणि टेस्टरच्या तक्त्यातील प्रत्येक व्हॉल्व्हपुढची अक्षरे-आकडे कोणत्या खटक्याचे हेही उमगत नाही. हे वाचून मला माझेच पहिले वर्ष आठवले. २३० व्होल्टचे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे असेलच, असे धरून पुढे लिहितो.

तक्त्यातील पहिली दोन अक्षरे फिलामेंटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या, दोन टोकांची आहेत. पुढचे आकडे अनुक्रमे ग्रिड, प्लेट, स्क्रीन, कॅथोड आणि सप्रेसर या व्हॉल्व्हच्या आतील भागांच्या पिनांचे आहेत. ६व्ही६च्या पिना आठवून पाहा: ग्रिड ५, प्लेट ३, स्क्रीन ४, कॅथोड ८. हा क्रम एकदा लक्षात आला की तक्ता गूढ राहत नाही. बायसचे बटण ग्रिडचा ऋण दाब ठरवते, तर शंटचे बटण मीटरची संवेदनक्षमता. ही दोन्ही बटणे अंदाजाने फिरवून काटा 'चांगला' दाखवायला लावू नये.

माझे सर्वांत मोठे नुकसान मात्र फिलामेंटच्या व्होल्टेजच्या खटक्याने केले. एका जुन्या बॅटरी रेडिओतून काढलेले १आर५, १टी४, १एस५ आणि ३एस४ हे चार व्हॉल्व्ह मी तपासायला घेतले. आदल्या दिवशी ६व्ही६ तपासल्यामुळे खटका ६.३ व्होल्टवरच राहिला होता. बाकीचे सर्व खटके मी तक्त्याप्रमाणे नीट लावले, तेवढा हा एक पाहिला नाही. पहिल्या व्हॉल्व्हला काटा हलला नाही, तेव्हा तो मेलेला ठरवून मी दुसरा लावला, मग तिसरा, मग चौथा. या व्हॉल्व्हांचा १.४ व्होल्टचा (३एस४चा जोडणीनुसार १.४ किंवा २.८) फिलामेंट एरवीही डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे उजेड न दिसल्याची शंकाही आली नाही. रेडिओ कालपर्यंत वाजत होता, असे विकणारा गृहस्थ शपथेवर सांगत होता आणि मी त्याच्याशी भांडत होतो. दोन दिवसांनी खटक्याकडे लक्ष गेले. चारही फिलामेंट मीच जाळले होते. माफी मागितली, पण तो पुढे माझ्याशी नीट बोलला नाही.

म्हणून आता काम संपताच मी तो खटका सर्वांत कमी व्होल्टवर आणून ठेवतो, आणि व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी सॉकेटात घालतो. बॅटरीच्या व्हॉल्व्हांचा फिलामेंट त्याआधी मल्टिमीटरवर पिन १ आणि ७ मध्ये सलग आहे का, तेही पाहतो.

आपला सकाळ-संध्याकाळचा फरक बहुधा लाइन अ‍ॅडजस्टचा, म्हणजे टेस्टरला मिळणारा विजेचा दाब जुळवून घेण्याचा, आहे. व्हॉल्व्ह घालून, तो तापल्यावर, लाइनचे बटण दाबून काटा खुणेवर आणावा लागतो; रिकाम्या सॉकेटावर लावलेली खूण फिलामेंटचा भार येताच सरकते. आमच्याकडे संध्याकाळी दाब इतका पडतो की दर व्हॉल्व्हला ते पुन्हा करावे लागते, आणि वीजमंडळाविषयी मी येथे अधिक बोलत नाही. शॉर्टची, म्हणजे आतील भाग एकमेकांना चिकटले आहेत का याची, चाचणी मात्र गुणवत्तेच्या आधी, कधीही न टाळता.

मी इंजिनियर नाही, त्यामुळे हे छंदिष्टाचे मत समजावे: हिकॉक या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीचे हे टेस्टर प्लेटला सुमारे १५० व्होल्ट देतात, आणि आपला ६व्ही६ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २५० किंवा त्याहून अधिक व्होल्टवर चालत असेल. त्यामुळे तक्त्यातील किमान आकड्याच्या काठावर असलेला व्हॉल्व्ह फेकण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लावून ऐकावा.