अवरक्त पट्टी अधिक गरम, मग अतिनील किरण घातक कसे?

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. सूर्यप्रकाशाचा धडा घेताना यंदा खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचा लोलकाचा प्रयोग वर्गासमोर केला. तांबड्या पट्टीच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथल्या तापमापीने सर्वांत जास्त तापमान दाखवले आणि मुले हरखून गेली. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, "अवरक्त किरण सर्वांत गरम, तर मग अतिनील किरणांची ऊर्जा जास्त असते असे का शिकवता?" मला तिचे समाधान करता आले नाही. तिला काय सांगावे, आणि हा विषय कोणत्या क्रमाने शिकवावा?

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. 'ऊर्जा' हा एकच शब्द आपण वर्गात दोन अर्थांनी वापरतो आणि ते दोन अर्थ वेगळे आहेत हे सांगायचे राहून जाते. प्रकाश सुट्या पुड्यांच्या रूपाने येतो आणि अशा एका पुडीला फोटॉन म्हणतात. एका फोटॉनची ऊर्जा किती, हा एक प्रश्न; एखाद्या जागी सगळे फोटॉन मिळून किती ऊर्जा आणून टाकतात, हा दुसरा. रिमझिम पावसात अंगणात कितीतरी पाणी साचते, तरी खिडकीची काच फुटत नाही. गारा मात्र मोजक्या पडल्या तरी एखादी काच तडकवतात. तापमापी साचलेले पाणी मोजते. काच फुटेल का, हे एकेका गारेवर ठरते.

हे आकड्यांत मांडले तरी सातवीच्या मुलांना झेपते. 300 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील फोटॉनची ऊर्जा 1,000 नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनच्या तिपटीहून थोडी अधिक असते, कारण तरंगलांबी जितकी कमी तितकी एका फोटॉनची ऊर्जा जास्त. त्वचेतील पेशींच्या डीएनएवर थेट आघात करण्याइतकी ताकद या अतिनील फोटॉनमध्ये असते. अवरक्त फोटॉन रेणूंना केवळ हलवतो आणि ती हालचाल आपल्याला ऊब म्हणून जाणवते. म्हणूनच शेकोटीपाशी तासन्‌तास बसून उन्हासारखी त्वचा रापत नाही, आणि बर्फाळ डोंगरावर गारठ्याने कुडकुडणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र उन्हाने भाजून निघू शकतो. एकूण ऊर्जेचा हिशेब मांडला, तर वातावरणाच्या माथ्यावर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातील साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त, 40 टक्क्यांहून थोडी अधिक दृश्य आणि उरलेली, म्हणजे 10 टक्क्यांहून कमी, अतिनील असते. जमिनीवर येईपर्यंत अतिनील वाटा आणखी घटतो, आणि काचेचा लोलक त्यातलाही काही भाग शोषून घेतो.

तरीही एक गाठ सुटायची राहते, आणि ती बहुतेक पाठांत सुटतच नाही. अवरक्त ऊर्जा पुष्कळ असली तरी ती फार मोठ्या पट्ट्यात विखुरलेली आहे; मग तांबड्याच्या लगत ठेवलेला तापमापीचा एकच फुगा इतका का तापावा? याचे कारण लोलकात आहे. काच सर्व तरंगलांब्यांना सारखी जागा देत नाही. जांभळ्या-निळ्या टोकाला ती प्रकाश ऐसपैस पसरवते आणि तांबड्याकडून अवरक्ताकडे जाताना त्याला दाटीवाटीने बसवते. तापमापीचा तोच फुगा निळ्या पट्टीत ठेवला तर त्याच्यावर तरंगलांब्यांचा लहानसा तुकडा पडतो, आणि तांबड्यापलीकडे ठेवला तर कित्येक पट मोठा. सर्व तरंगलांब्यांना सारखी जागा दिली, तर सूर्यप्रकाशाचा भर 500 नॅनोमीटरच्या आसपास, निळ्या-हिरव्याच्या सीमेवर असल्याचे दिसते. "अवरक्त किरण सर्वांत गरम असतात" हे वाक्य म्हणून फळ्यावर लिहूच नये. "या लोलकाने पाडलेल्या पट्ट्यात तांबड्याच्या बाहेरची जागा सर्वांत जास्त तापली" एवढेच लिहावे. ते लांबलचक आहे, पण खरे आहे.

प्रयोगाविषयी थोडे सांगतो, कारण तो फसतो तेव्हा बहुधा एकाच कारणाने फसतो. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या काठावर लोलक बसवला आणि खोक्याच्या तळाशी, लोलकापासून साधारण 30 सेंटिमीटरवर, वर्णपट पाडला, तर तो तिथे स्थिर राहत नाही. सूर्य आकाशात दर चार मिनिटांना एक अंश सरकतो आणि तेवढ्यात पट्टा सुमारे 5 मिलिमीटर सरकतो. तापमापी स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात; तोवर निळ्यातला फुगा शेजारच्या रंगात गेलेला असतो आणि बाहेरचा फुगा तांबड्यात शिरलेला असतो. एका मुलाकडे केवळ खोके हळूहळू वळवत राहण्याचे काम द्यावे. मन लावून करण्यासारखे ते काम आहे आणि त्यातून पृथ्वीच्या फिरण्याचा धडा आपोआप मिळतो. सर्व फुगे काळ्या रंगाने सारखे रंगवावेत, म्हणजे प्रत्येक जण पडलेला प्रकाश सारख्याच प्रमाणात शोषील. एक तापमापी पट्ट्यापासून दूर, त्याच खोक्याच्या सावलीत ठेवावी. ती नसेल तर खोक्यातील हवा तापली की किरणांनी फुगा तापला, हे ठरवता येत नाही. फरक थोड्याच अंशांचा पडतो, त्यामुळे नोंदी एकाच उंचीवरून आणि एकाच मुलाने घ्याव्यात. लोलकातून किंवा थेट सूर्याकडे कुणीही पाहू नये, ही ताकीद प्रयोग सुरू होण्यापूर्वी द्यावी.

क्रमाबद्दल माझे मत असे की, रेडिओलहरींपासून गॅमा किरणांपर्यंतचा तक्ता सर्वांत शेवटी दाखवावा. आधी तानापिहिनिपाजा, मग तांबड्याच्या अल्याड-पल्याड काय आहे याचा शोध, आणि नंतरच नावे. हर्शेल यांनाही हा शोध याच वाटेने लागला. सूर्य दुर्बिणीतून पाहण्यासाठी ते रंगीत काचा तपासत होते, वेगवेगळ्या काचांतून येणारी ऊब वेगळी भासली म्हणून 1800 मध्ये त्यांनी तापमाप्या मांडल्या. पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर यांनी तर्क केला की, तांबड्याच्या पलीकडे काही असेल तर जांभळ्याच्या पलीकडेही असावे. तिथे तापमापीचा फारसा उपयोग नव्हता. त्यांनी प्रकाशाने काळे पडणारे सिल्व्हर क्लोराइड वापरले, आणि ते जांभळ्याच्या बाहेर सर्वांत लवकर काळे पडले. एका टोकाचा शोध उष्णतेने लागला आणि दुसऱ्या टोकाचा रासायनिक बदलाने, या एका गोष्टीत आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

जाता जाता शब्दांविषयी. 'अवरक्त' ऐकून काही मुले रक्ताचा संबंध लावतात. इथे 'रक्त' म्हणजे तांबडा आणि 'अव' म्हणजे खालचा, हे सांगून टाकावे. 'अतिनील' हा शब्द तर 'फार निळा' असा भास निर्माण करतो. जुना 'जंबुपार' शब्द, म्हणजे जांभळ्याच्या पार गेलेला, मला अधिक प्रामाणिक वाटतो आणि मुलांनाही तो चटकन कळतो.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो की रेडिओलहरी म्हणजे आवाज, कारण रेडिओ ऐकू येतो. मग त्या प्रकाशाच्या कुटुंबात कशा? सूर्यापासून त्या येतात का?

उत्तर : रेडिओलहरी ऐकू येत नाहीत. त्या यंत्रापर्यंत संदेश आणतात, आणि आवाज यंत्रातला कर्णा काढतो. आवाजाला प्रवासासाठी हवेसारखे माध्यम लागते. रेडिओलहर मात्र प्रकाशाप्रमाणेच निर्वात पोकळीतून सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर वेगाने जाते. सूर्यापासूनही त्या येतात. 1942 मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश रडारांवर अचानक खरखर वाढली तेव्हा शत्रूचा अडथळा असल्याचा संशय आला, परंतु तो उपद्रव सूर्याचा असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स हे (Hey) यांनी ओळखले.

रेडिओलहरी आणि प्रकाश या दोन्ही एकाच जातीच्या लहरी आहेत हे मुलाला पटवायचे असेल, तर संगीतातले सप्तक कामी येते. एक सप्तक वर गेले की वारंवारता दुप्पट आणि तरंगलांबी निम्मी होते. साधारण 380 ते 760 नॅनोमीटर हा दृश्य प्रकाश म्हणजे जेमतेम एक सप्तक. कागदाच्या लांब पट्टीवर प्रत्येक सप्तकाला एक वीत जागा द्यावी आणि तीन मीटर तरंगलांबीच्या एफएम लहरीपासून निम्मे-निम्मे करत निघावे. दृश्य प्रकाशापर्यंत बावीस-तेवीस विती जातात, आणि क्ष-किरणांपर्यंत पोहोचता पोहोचता सुमारे पस्तीस. त्या पस्तीस विती लांबीच्या पट्टीत फक्त एक वीत रंगवायची असते. पुस्तकातील तक्त्यात रंगीत भाग मोठा करून दाखवलेला असतो, त्यामुळे हे प्रमाण लक्षात येत नाही.

प्रश्न : सूर्यापासून क्ष-किरणही निघतात असे वाचले. मग आपल्याला त्यांचा त्रास कसा होत नाही?

उत्तर : ते वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात, म्हणून सूर्याचे क्ष-किरण मोजणारी उपकरणे उपग्रहांवर बसवावी लागतात. अतिनील किरणांपैकी सर्वांत लघु तरंगलांबीचे किरण ऑक्सिजन आणि ओझोन पूर्णपणे अडवतात, मधल्या पट्ट्यातील बहुतेक ओझोनमुळे अडतात, आणि दीर्घ तरंगलांबीचे मात्र बऱ्याच अंशी खाली येतात. खिडकीची साधी काच मधल्या पट्ट्यातले उरलेसुरले किरणही जवळपास थोपवते; त्यामुळे बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हात बसल्याने ऊब मिळते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही.