शिडी आधी नीट बांधा, घाई मग करा

जहाजांना बंदरात आत-बाहेर नेणाऱ्या वाटाड्याबद्दल, म्हणजे बंदरातल्या पायलटबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पायलट जहाजावर चढला की कॅप्टनचा अधिकार संपतो का? (वाशी)

नाही. पायलट वाट दाखवतो, जहाजाची जबाबदारी कॅप्टनकडेच राहते. पनामा कालव्यात मात्र सूत्रं पायलटकडे जातात.

प्रश्न : अमेरिकेत बाल्टिमोरला पायलट असूनही जहाज पुलावर आदळलं. मोबाईलवर प्रत्येक जहाज दिसतं, मग पायलट हवाच कशाला? (पुणे)

२६ मार्च २०२४ ला 'डाली' जहाजाची वीजच गेली. पायलटांनी नांगर टाकायला सांगितलं आणि पूल बंद करण्याचा निरोप दिला. त्यामुळे पोलिसांना दोन्ही बाजूंची वाहनं अडवता आली. पुलावर दुरुस्तीचं काम करणारे सहा कामगार तरीही गेले. तो निरोप वेळेवर गेला नसता तर आणखी किती गेले असते, याचा विचार करा आणि मग पायलट कशाला हे विचारा.

ॲपवर जहाज कुठे आहे ते दिसतं. त्याच्या तळाखाली पाणी किती, प्रवाह कुठे ओढतोय, हे दिसत नाही. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. लहान होड्या तर ॲपवर बऱ्याचदा नसतातच. नाखवा-तांडेलांना कळकळीची विनंती : मोबाईलच्या भरवशावर चॅनेल, म्हणजे जहाजांची वाट ओलांडू नका, आधी व्हीएचएफ रेडिओवर पोर्ट कंट्रोलला विचारा.

प्रश्न : वास्को द गामाला वाट दाखवणारा अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिदच होता ना? काही जण गुजराती कानजी मालमचं नाव घेतात. लेखात कोणतं नाव देऊ? (अलिबाग)

फॉरवर्ड झालेल्या मजकुरावर इतिहास लिहू नका. १४९८ मध्ये मालिंदीहून वाटाड्या मिळाला, हे पक्कं. पोर्तुगीज लेखनात तो गुजराती असल्याचं येतं. इब्न माजिदचं नाव एका अरबी ग्रंथात येतं, पण तो लिहिला गेला कित्येक दशकांनी. ठामपणे नाव घेण्याइतका पुरावा कुणाच्याच बाजूने नाही.

आपल्या किनाऱ्यावरची याहून कितीतरी जुनी नोंद आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलंय की भडोचला नर्मदेचं मुख धोक्याचं होतं, म्हणून राजाच्या चाकरीतले मच्छीमार होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वाळूच्या दांड्यांमधून आत आणत. बंदरातल्या पायलटचं काम आजही हेच आहे. लेख छापायला देण्याआधी इतिहासाच्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मी थर्ड ऑफिसर आहे. शिडीच्या एका गाठीवरून पायलटने चढायला नकार दिला, जहाज तासभर खोळंबलं. हा अतिरेक नाही का? (रत्नागिरी)

नाही. तो तासभराचा खोळंबा तुमच्या जहाजाने ओढवून घेतला.

चालत्या बोटीतून चालत्या जहाजावर माणूस दोराच्या शिडीने चढतो. बोट लाटेबरोबर वरखाली होते. हात सुटला तर खाली बोटीचा डेक, नाहीतर दोन्हींच्या मधलं पाणी. न्यूयॉर्कच्या दोन पायलटांचा २०१९ च्या डिसेंबरात आणि २०२० च्या ऑगस्टात जहाजावर चढतानाच पडून मृत्यू झाला. दोघेही कामात मुरलेले होते.

नियम सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट आहेत. शिडीवरची चढण नऊ मीटरपेक्षा जास्त नको. त्याहून उंच असेल तर गँगवे, म्हणजे जहाजाच्या बाजूचा तिरका जिना जोडायचा. बाजूचे दोर किमान १८ मिलिमीटर जाडीचे. बांधणी तपासायला जबाबदार अधिकारी स्वतः हजर हवा, नुसता खलाशी नाही. तरीही शिडी हव्या त्या उंचीवर अडकवायला दोरांभोवती शॅकल, म्हणजे लोखंडी कडी टाकून मोकळे होतात. मग सगळा भार पायरीखालच्या बांधणीवर येतो, आणि ती त्यासाठी केलेलीच नसते. भार बाजूच्या दोरांवर, रोलिंग हिच या गाठीने, डेकवरच्या मजबूत जागी गेला पाहिजे. आणि स्वस्तात शिडी विकणारे जे प्रमाणपत्र जोडतात, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोर पिळून, उलगडून बघा. उन्हात आणि खाऱ्या पाण्यात मॅनिला दोर आतून कुजतो, वरून चांगला दिसतो.

पुढच्या बंदराआधी चीफ ऑफिसरला सोबत घेऊन शिडी तपासा. शंका असेल तर कंपनीच्या सुरक्षा विभागाला लेखी विचारा, आणि पायलटची बोट दिसायच्या आत विचारा.

प्रश्न : एजंट तीन लाखांत मुलाला 'थेट पायलट' करतो म्हणतो. देऊ का? (सातारा)

एक रुपयाही देऊ नका. थेट पायलट कुणी होत नाही. आधी समुद्रावर वर्षं काढावी लागतात, परीक्षा द्याव्या लागतात. जहाजावर नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते डीजी शिपिंग या केंद्राच्या नौवहन खात्याच्या संकेतस्थळावर बघा आणि मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमध्ये जाऊन खात्री करा.

प्रश्न : लाल-हिरव्यात गोंधळ होतो. डेक ऑफिसर, म्हणजे जहाज हाकणारा अधिकारी होता येईल? (सोलापूर)

नाही. रात्री समोरच्या जहाजाची कोणती बाजू आपल्याकडे आहे, ते लाल-हिरव्या दिव्यांवरूनच कळतं. पण डोळ्यांच्या दोषाचं निदान घरच्या घरी करू नका; कोणतीही फी भरण्याआधी डीजी शिपिंगमान्य डॉक्टरांकडून डोळे तपासून घ्या.