डायोराइटमधला ‘डाय’ म्हणजे दोन नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी डायोराइट या खडकावर लिहायचे आहे. हा शब्द तिला माइनक्राफ्ट खेळताना सापडला. त्याला मराठीत काय म्हणतात? डाय म्हणजे दोन, आणि खडकही काळा-पांढरा असा दोन रंगांचा दिसतो, म्हणून आम्ही घरीच ‘द्वयाश्म’ असा शब्द बनवला. चालेल का? की सरळ ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणावे?’

माझे मत: दोन्ही नको, ‘डायोराइट’च लिहा. पण ‘द्वयाश्म’ हा शब्द घडवला छान आहे, हे आधी कबूल करतो. वालुकाश्म, पट्टिताश्म, जीवाश्म यांच्या रांगेत तो सहज खपून जाईल. घोळ आहे तो ‘डाय’मध्ये.

ग्रीक भाषेत दोन या अर्थी जो उपसर्ग आहे तो ‘दि’. कार्बन डायऑक्साइडमधला डाय हाच. डायोराइटमध्ये मात्र ‘दिआ’ आहे, आणि त्याचा अर्थ ‘आरपार’, ‘मधून’, कधी ‘वेगवेगळे करत’. डायमीटर म्हणजे वर्तुळाच्या आरपार घेतलेले माप. डायलॉगमध्येही हाच दिआ आहे. तो दोघांमध्येच होतो ही समजूत इतकी पक्की आहे की भलेभले लोक ती छापून मोकळे होतात. आणि तरीही एकटा नट आरशासमोर उभा राहून डायलॉग मारतो तेव्हा कुणाला काही खटकत नाही.

आता उरलेला भाग. ‘होरोस’ म्हणजे हद्द, सीमा. त्यावरून ‘होरिझाइन’, म्हणजे हद्द आखणे. इंग्रजीतला होरायझन इथलाच: नजरेची हद्द, आपले क्षितिज. या क्रियापदाला दिआ लागला की ‘दिओरिझाइन’ होते, म्हणजे हद्द आखून वेगळे करणे, फरक ओळखणे. (आपल्या ज्योतिषातला ‘होरा’ही ग्रीकांकडूनच आला, पण तो ‘होरा’ म्हणजे वेळ, घटका या शब्दावरून. या होरोसशी त्याचे नाते नाही. कानाला सारखे वाटले की नाते जोडून टाकायचा मोह मलाही होतो, म्हणून सांगून ठेवतो.)

हे नाव दिले रने-ज्युस्त आवी या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आवी धर्मोपदेशक होता आणि स्फटिकशास्त्राच्या जनकांमध्ये त्याची गणना होते. स्फटिकांच्या कडा आणि कोन मोजण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला एखाद्या खडकाचे कौतुक कशाचे वाटणार? यातला प्रत्येक दाणा वेगळा ओळखू येतो, याचेच. डायोराइट म्हणजे ‘ज्यातले घटक वेगवेगळे ओळखता येतात तो’. दोन हा आकडा त्यात कुठेच नाही.

आणि हे नाव किती नेमके आहे ते खडकाचा ताजा फुटलेला तुकडा हातात घेतला की कळते. पांढुरके, राखाडी दाणे म्हणजे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. त्यांमध्ये पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्यांसारखे काळे, लांबट दाणे दिसतात ते हॉर्नब्लेंड. तुकडा उन्हात फिरवला की त्यांची सपाट अंगे एकेक करून चमकून जातात. मधूनच काळसर तपकिरी पापुद्रे असतात, नखाने खरवडले तर सुटून येतात. तो बायोटाइट अभ्रक. काही डायोराइटांत पायरॉक्सिनही असते. दोन रंग दिसतात हे खरे, पण खनिजे तीन-चार असतात. म्हणजे अर्थाच्या बाजूनेही ‘द्वय’ टिकत नाही.

इथे मला आपल्या अलंकारशास्त्रातली एक जोडी आठवते. एका श्लोकात दोन अलंकार आले आणि ते तीळ-तांदळाच्या मिश्रणासारखे वेगवेगळे दाखवता आले, तर ती संसृष्टी, हा तिलतंडुलन्याय. दूध-पाण्यासारखे एकजीव झाले, तर तो संकर, हा नीरक्षीरन्याय. डायोराइट हा तिलतंडुलन्यायाचा खडक आहे. आणि त्याचा नीरक्षीर भाऊही आहे: अँडेसाइट. दोघांचा मालमसाला जवळपास एकच, सिलिका साधारण 52 ते 63 टक्के. पण अँडेसाइटचा रस ज्वालामुखीतून बाहेर पडून भराभर थिजतो, त्यामुळे त्यातले बहुतेक दाणे नुसत्या डोळ्यांना वेगळे काढताच येत नाहीत. डायोराइटचा शिलारस जमिनीखाली खोलवर अडकून राहतो, हजारो-लाखो वर्षे सावकाश निवतो, आणि तेवढ्या सवडीत प्रत्येक खनिजाला आपला स्फटिक वाढवता येतो.

हा शिलारस येतो कुठून? समुद्रतळाचे भूपट्ट खंडाच्या भूपट्टाखाली खचत जातात तेव्हा त्यांच्यातल्या खनिजांत कोंडलेले पाणी खोलवर गेल्यावर सुटते आणि वरच्या प्रावरणात शिरते. पाणी शिरले की तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो. एरवी घन राहिला असता तो खडक काही अंशी वितळतो आणि तो रस वर चढू लागतो. चढताना लोह-मॅग्नेशियमची जड खनिजे आधी स्फटिक होऊन मागे राहतात, शिवाय वाटेतले खंडाचे कवच थोडे वितळून रसात मिसळते. उरलेला रस ना बेसाल्टइतका काळा, ना ग्रॅनाइटइतका उजळ, असा मधल्या जातीचा होतो. अँडीज पर्वतात हा कारखाना आजही चालू आहे, आणि अँडेसाइटला नाव मिळाले ते त्याच पर्वतावरून.

अशा खोलवर निवलेल्या खडकांना मराठीत ‘पातालीय’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ‘प्लूटॉनिक’ हा प्लूटो या रोमन पाताळदेवावरून आला आहे, आणि आपल्याकडे पाताळ होतेच. म्हणजे प्रतिशब्दांशी माझे वैर नाही. पातालीय, अग्निज, शिलारस हे शब्द अर्थ बरोबर घेऊन आले म्हणून टिकले.

आता गंमत पाहा. याच आवीने डायोराइटच्या एका जवळच्या सोबत्यालाही नाव दिले: डोलेराइट. ग्रीक ‘डोलेरोस’ म्हणजे लबाड, फसवा. डोलेराइट गडद आणि बारीक दाण्यांचा असतो, चटकन पाहिले तर डायोराइट वाटतो, म्हणून हे बिरुद. एक ‘ओळखू येणारा’ आणि दुसरा ‘त्याच्यासारखा दिसून फसवणारा’, अशी जोडनावे. त्यावर कडी म्हणजे हॉर्नब्लेंड. जर्मन खाणकामगारांच्या बोलीतला हा शब्द. हॉर्न म्हणजे शिंग आणि ‘ब्लेंडेन’ म्हणजे डोळे दिपवणे, चकवणे. खनिज काळे, चकचकीत, धातुक असावे असे दिसे. भट्टीत घातले की हाती काही लागत नसे. थोडक्यात, ओळखू येणाऱ्या खडकाच्या पोटातही एक ठग बसलेला आहेच.

नाव ‘ओळखू येणारा’, पण लोकांनी ओळखण्यात चुका केल्या त्या याच नावाखाली. कैरोच्या संग्रहालयात फेरो खाफ्रेचा बसलेला पुतळा आहे, डोक्यामागे पंख पसरलेला ससाणा असलेला. अनेक पुस्तकांत तो ‘डायोराइटचा’ म्हणून दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तो पट्टिताश्म (इंग्रजीत नाइस) आहे, नूबियाच्या वाळवंटातल्या गेबेल एल-असर इथल्या खाणींतून आणलेला. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा 2.25 मीटर उंच स्तंभ घ्या. कित्येक वर्षे तो डायोराइटचा म्हणून सांगितला गेला, आज लूव्र संग्रहालय त्याला बेसाल्ट म्हणते. इजिप्तमधल्या अस्वानच्या खाणीत अर्धवट कोरलेला प्रचंड ओबेलिस्क, म्हणजे टोकाकडे निमुळता होणारा चौकोनी स्तंभ, पडून आहे. तिथे ग्रॅनाइट ठेचायला वापरलेले गोटे डोलेराइटचे होते, तेही जुन्या लेखनात डायोराइटचे झालेले आढळतील. फसव्याने आपले नाव सार्थ केले.

प्राचीन सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, लगशच्या गुदेआ राजाचे पुतळे मात्र शब्दप्रेमींसाठी खास आहेत. इसवीसनापूर्वी 2100च्या आसपासचे, काळेभोर, आरशासारखी झिलई दिलेले. त्यातल्या एकावरचा मजकूर सांगतो की हा पुतळा चांदीचा नाही, नीलाश्माचा नाही, तांब्याचा, कथिलाचा किंवा काशाचाही नाही. तो ‘एसी’ दगडाचा आहे. हा दगड मगन देशातून, म्हणजे बहुतेक आजच्या ओमानच्या बाजूने, बोटींनी आणवला होता. धातू वितळवून पुन्हा वापरता येतो, हा दगड कुणी वितळवणार नाही, असा त्यामागचा हिशोब असावा. भाषांतरांत ‘एसी’चे सर्रास ‘डायोराइट’ केले जाते. पण सुमेरियन पाथरवटाला प्लॅजिओक्लेजचे प्रमाण मोजायचे नव्हते. काळा, कठीण आणि झिलई घेणारा, एवढे जमले की तो एसी. त्यात गॅब्रो नावाचा गडद खडकही बसेल, डोलेराइटही.

नेमका हाच प्रकार आज ‘काळा ग्रॅनाइट’ या शब्दात चालतो. दगडाच्या व्यापारात झिलई केलेला कोणताही गडद, कठीण अग्निज खडक ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. व्यापाऱ्याने तसे म्हणावे, प्रकल्पात मात्र लिहू नये. ग्रॅनाइट हा शब्द लॅटिन ‘ग्रानुम’, म्हणजे दाणा, यावरून आलेला. नुसते दाणेदार म्हणायचे असेल तर डायोराइटही त्यात यायला हरकत नव्हती. पण भूविज्ञानाने त्याची हद्द आखून दिली आहे. उजळ खनिजांमध्ये क्वार्ट्‌झ 20 टक्क्यांहून जास्त असेल तरच खडक ग्रॅनाइटांच्या पंगतीत बसतो. डायोराइटमध्ये ते 5 टक्क्यांच्या आत असते. 5 ते 20 टक्के असेल तर त्याला क्वार्ट्‌झ डायोराइट म्हणतात. दोघांतला फरक एका नजरेत पाहायचा तर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधला एल कॅपिटनचा कडा पाहावा. उजळ ग्रॅनाइटच्या भिंतीत गडद डायोराइट घुसला आहे, आणि त्याचा आकार उत्तर अमेरिकेच्या नकाशासारखा दिसतो. गिर्यारोहक त्या बाजूला ‘नॉर्थ अमेरिका वॉल’ म्हणतात.

उपयोगाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते साधे आहेत: रस्त्याची खडी, रेल्वेरुळांखालची खडी, फरसबंदीचे दगड, इमारतींना लावायच्या झिलईदार लाद्या. मूर्तिकामाला तो वैताग आणतो. कठिणतेच्या 1 ते 10 अशा मोह्स मापावर फेल्डस्पारची कठिणता सुमारे 6, हॉर्नब्लेंडची 5 ते 6, आणि अभ्रकाची जेमतेम 3. घासताना अभ्रकाचे पापुद्रे उडतात आणि झिलईत बारीक खळगे राहतात.

आता व्याकरण. डायोराइट पुल्लिंगी चालवावा, कारण मनात ‘खडक’ असतो: तो डायोराइट, डायोराइटचा तुकडा. ‘राईट’ की ‘राइट’? मराठी अकारान्त शब्दात उपान्त्य इकार दीर्घ होतो, गरीब, वकील, बहीण यांसारखा. तो नियम लावला तर डायोराईट व्हावा. पण ग्रॅनाइट, बायोटाइट हे ऱ्हस्व इकारानेच रूढ आहेत, तेव्हा याच्या एकट्यासाठी वेगळी चूल मांडू नये. आणि डोंगराच्या अंगाला आहे तोवर तो ‘खडक’, फोडून हाती आला की ‘दगड’. ‘डायोराइटचा दगड पाताळात तयार होतो’ हे वाक्य चुकीचे म्हणता येणार नाही, पण कानाला खुपते.

तेव्हा मुलीने पहिले वाक्य असे लिहावे: ‘डायोराइट हा भरड दाण्यांचा पातालीय अग्निज खडक आहे.’ आणि माइनक्राफ्टचाही उल्लेख जरूर करावा. त्या खेळात दोन ओबडधोबड दगड आणि दोन क्वार्ट्‌झ एकत्र केले की डायोराइट मिळतो. म्हणजे खऱ्या डायोराइटमध्ये जे खनिज जवळजवळ नसतेच, तेच तिथे निम्मे घालावे लागते. बाईंना हे तिने स्वतः शोधून काढलेले आवडेल.