प्रशिक्षक चिडले, आता मुलीने काय करावं?

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे, म्हणून इथे सारांशच देते. मुलगी ठाण्यातल्या एका कॉलेजात बीएएमएमसी या माध्यमांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत फुटबॉल खेळायची. आता दोन मैत्रिणींबरोबर नवी मुंबईतल्या स्थानिक सामन्यांच्या बातम्या मराठीतून इन्स्टाग्रामवर देते. गेल्या महिन्यात एका सामन्यानंतर तिने हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकांना विचारलं, “सर, एक-शून्यने पुढे असताना तुम्ही स्ट्रायकर काढून डिफेंडर आणलात, त्याचा आता पश्चात्ताप होतो का?” उत्तर आलं, “तू कुठल्या लेव्हलला खेळलीस गं? आधी ऑफसाइड म्हणजे काय ते सांग.” (स्ट्रायकर म्हणजे पुढे राहून गोल करणारा, डिफेंडर म्हणजे बचाव करणारा. ऑफसाइड म्हणजे समोरच्या संघाच्या बचावफळीच्या पुढे उभं राहून पास घेण्याविरुद्धचा नियम.) लोक हसले, कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्या ग्रुपांवर फिरलं. मुलगी म्हणते, पत्रकारिता नको, जाहिरात विषय घेते. वडील म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. प्रशिक्षक ओळखीतले आहेत, तेव्हा घरी जाऊन विषय मिटवावा का, हे आईला विचारायचं आहे. शिवाय, या क्षेत्रात असंच चालतं का, यात पोट भरेल का, आणि रात्री-अपरात्रीच्या सामन्यांचं काय.

नमस्कार ताई,

आधी घरी जाण्याचं. जाऊ नका, फोनही करू नका. मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि प्रश्न तिने विचारला होता, तुम्ही नाही. आईवडील मध्ये पडले की त्या प्रशिक्षकांच्या लेखी ती पत्रकार उरत नाही, ओळखीतल्यांची पोरगी होते. मग पुढच्या वेळी ते तिच्याशी गोड बोलतील, पण सांगणार काहीच नाहीत.

असंच चालतं का? हो, बऱ्याच अंशी. मोठ्या फुटबॉलमध्ये तर याहून वाईट झालं आहे. मार्च २०१७ मध्ये डेव्हिड मॉयेस इंग्लंडमधल्या संडरलँड क्लबचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होते. बर्नलीविरुद्धचा सामना गोलशून्य सुटल्यावर बीबीसीच्या एका महिला पत्रकाराने त्यांना विचारलं, क्लबचे मालक आज सामन्याला हजर होते, त्याचं दडपण होतं का? साधा, रास्त प्रश्न. मुलाखत संपल्यावर, आता चित्रण बंद झालं असं समजून, मॉयेस तिला म्हणाले की जरा सांभाळून, बाई असलीस तरी थप्पड बसू शकते. पुढच्या महिन्यात ते चित्रण बाहेर आलं. त्यांनी तिची माफी मागितली आणि इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्यांना ३०,००० पौंड दंड केला.

हे मुद्दाम सांगते, कारण टोमणा आणि धमकी यांत फरक करायला मुलीने शिकलं पाहिजे. “तू कुठे खेळलीस” हा टोमणा आहे. तो झेलायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा. मारण्याची भाषा, बाई म्हणून केलेली शेरेबाजी किंवा मैदानावर येऊ न देण्याचा दम असेल, तर त्याच दिवशी आयोजकांना लेखी कळवायचं. तिच्या बाबतीत झाला तो टोमणाच. आता मुलांनाही प्रशिक्षक असंच विचारतात की फक्त मुलींना, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. वाईट वाटून घेऊ नका, पण तो प्रश्न मला आवडला नाही. निरीक्षण पक्कं आहे: कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, तेव्हा गोलफलक काय होता, सगळं तिने टिपलं होतं. शेवटच्या तीन शब्दांनी घात केला. “पश्चात्ताप होतो का” यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. हो म्हटलं तर स्वतःच्या तोंडाने चूक कबूल, नाही म्हटलं तर माणूस हेकट. “तो बदल करताना तुम्हाला मैदानावर काय दिसत होतं?” असं विचारलं असतं, तर कदाचित कळलं असतं की स्ट्रायकरची मांडी धरली होती, किंवा डाव्या बगलेतून चेंडू सारखे आत येत होते. कदाचित तेव्हाही चिडले असते. पण मग हसणाऱ्यांना हसायला काही मिळालं नसतं.

प्रशिक्षकांची बाजूही तिला कळायला हवी. दहावीचा निकाल हातात पडल्या पडल्या दारात उभ्या पाहुण्यांनी टक्के विचारावेत, तशी त्यांची अवस्था असते. शिट्टी वाजून वीसेक मिनिटं झालेली, मनात सामना अजून चालूच, आणि समोर माइक. त्यात ते एकट्या पत्रकाराशी बोलत नसतात. तेच वाक्य मालक ऐकणार, खेळाडू ऐकणार, खेळाडूंचे आईबाप ऐकणार, पुढच्या आठवड्याचा प्रतिस्पर्धीही ऐकणार. स्ट्रायकर दुखावलाय म्हटलं तर पुढचा संघ सावध होतो. पोरगा दमला म्हटलं तर ड्रेसिंग रूममध्ये तोंडं वाकडी होतात. रेफ्रीवर बोललं तर शिस्तभंगाची नोटीस. मग उरतं काय? “मुलांनी मेहनत घेतली” हे पोपटपंची वाक्य, नाहीतर राग. पत्रकाराला त्याच वीस मिनिटांत मथळा हवा असतो. या दोघांचं गोड नातं जमणं अवघडच. जिथे जमलेलं दिसतं, तिथे मला थोडी शंकाच येते.

म्हणून तर मोठ्या स्पर्धांत त्यांना नियमाने एकत्र बसवावं लागतं. विश्वचषकात सामन्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक आणि एक खेळाडू पत्रकारांसमोर यायलाच हवेत. २०२२ मध्ये कतारला जर्मनीचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक एकटेच आले. खेळाडूला एवढा लांबचा प्रवास घडवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने जर्मन महासंघाला १०,००० स्विस फ्रँक दंड लावला.

अबोला म्हणावा तर अॅलेक्स फर्ग्युसन यांचा. २००४ मध्ये बीबीसीने त्यांच्या मुलाच्या खेळाडूंसाठीच्या एजंटगिरीवर माहितीपट दाखवला, तेव्हापासून २०११ पर्यंत मँचेस्टर युनायटेडचा हा मॅनेजर बीबीसीला मुलाखत देईना. सात वर्षं! त्या काळात बीबीसीने युनायटेडचे सामने दाखवणं काही थांबवलं नाही, मुलाखतीला सहायक प्रशिक्षक यायचे. २०१३ मध्ये न्यूकॅसल क्लबने तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रांनाच बंदी केली, कारण चाहत्यांच्या निषेध मोर्चाच्या बातम्या त्यांना झोंबल्या. वर्तमानपत्रं तरीही छापत राहिली. बोलणं बंद झालं की बातमी बंद होत नाही, हे मुलीला सांगा. “प्रशिक्षकांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला” हेही छापण्याजोगं वाक्य आहे.

पत्रकारांनीही कमी केलेलं नाही. ग्रॅहम टेलर इंग्लंडचे मॅनेजर असताना १९९२ च्या युरो स्पर्धेत संघ स्वीडनकडून हरला आणि ‘द सन’ या तिथल्या वर्तमानपत्राने टेलर यांचं डोकं सलगमच्या कंदावर चिकटवून छापलं. पुढे कित्येक वर्षं ते चित्र त्यांच्या मागे लागलं होतं. गंमत अशी की टेलर यांचे वडील स्वतः स्कंथॉर्पच्या दैनिकात क्रीडा वार्ताहर होते. म्हणजे या माणसाने पत्रकार लहानपणापासून घरात पाहिलेला. मुलीच्या इन्स्टाग्रामवरच्या काही मीम्स तुम्ही पाठवल्यात, त्यांतली त्या प्रशिक्षकांच्या पोटाबद्दलची काढून टाकायला सांगा. खेळावर कितीही टीका करावी, ती मीम मात्र कुणाच्या उपयोगाची नाही.

उलट उदाहरण मार्सेलो बिएल्सा यांचं. इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचे प्रशिक्षक असताना जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा माणूस प्रतिस्पर्धी डर्बी क्लबच्या सरावावर नजर ठेवताना सापडला. बिएल्सांनी पत्रकारांना बोलावलं आणि तासाभराहून जास्त वेळ, दुभाष्यामार्फत, आपण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास कसा करतो ते पडद्यावर उलगडून दाखवलं. पुढे लीड्सला २ लाख पौंड दंड झाला, तो त्यांनी स्वतःच्या खिशातून भरला. पण मला जास्त भावते ती त्यांची दुसरी सवय. ते कुणालाच स्वतंत्र मुलाखत देत नाहीत, सगळं पत्रकार परिषदेतच. बड्या वाहिनीला जे मिळेल तेच गावातल्या छोट्या पेपराच्या पोरालाही मिळालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. इन्स्टाग्रामवर मराठीत लिहिणाऱ्या तीन मुलींनी हे लक्षात ठेवावं. ओळखीचा कोपरा शोधण्यापेक्षा सगळ्यांसमोर चांगला प्रश्न विचारायची सवय पुढे जास्त कामाला येते.

आणि ताई, चिडणारा परवडला. न बोलणारा त्याहून अवघड. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील आपल्या मुंबईच्या मैदानांवरचे. महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळलेले, मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिलेले, २०१६-१७ मध्ये आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देणारे. मोजकं बोलणारे म्हणून पत्रकार त्यांना ओळखतात. अशा माणसाची बातमी करायची तर सामना स्वतः वाचता यावा लागतो. उलट भारताचे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमाच. जून २०२४ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) काढल्यावर त्यांनी पत्रकार परिषद घेऊन महासंघावरच तोफ डागली. खुर्ची गेलेला प्रशिक्षक भरभरून बोलतो, आणि बोलतो त्याच्याशी ज्याने आधी नीट प्रश्न विचारलेले असतात.

आता पत्रातल्या एका ओळीबद्दल. शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की त्याच लीगमधल्या एका संघाची पोस्टर्स ती करून देते, महिन्याला थोडे पैसे मिळतात. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ज्या संघाचे पैसे ती घेते, त्याच्याच प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकांना ती “पश्चात्ताप होतो का” विचारत होती. त्यांना हे माहीत असेल, तर त्यांच्या डोळ्यांसमोर पत्रकार नव्हतीच, समोरच्या क्लबची माणूस होती. माहीत नसेल तर आज ना उद्या कळेल, नवी मुंबईचं फुटबॉल वर्तुळ काही मोठं नाही. क्लबचं मीडियाचं काम वाईट नाही. मीडिया मॅनेजर हा पूर्ण वेळेचा, शिकण्यासारखा व्यवसाय आहे. प्रशिक्षकाला परिषदेपूर्वी “आज हे विचारतील” असं बजावायचं, नको तो प्रश्न आला की वेळ संपल्याचं सांगायचं, हरल्यावरही त्याला समोर आणून बसवायचं. काही मुलींना हेच जास्त चांगलं जमतं. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकदम बसता येत नाही. या महिन्यात तिने एक बाजू सोडावी. पोस्टर्स ठेवायची असतील तर त्या लीगच्या बातम्या मैत्रिणींनी कराव्यात. हा निर्णय तिचा तिला घेऊ द्या. त्यावरून पत्रकारिता की जाहिरात, याचं उत्तरही बरंचसं मिळेल. त्या एका दिवसाच्या हसण्यावरून ते ठरवू नये.

ऑफसाइडचा टोमणा मात्र तिने मनावर घ्यावाच. फुटबॉलचे नियम एकूण १७, त्यांतला ११ वा ऑफसाइडचा. पुस्तिका फुकट मिळते. मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या रेफ्री परीक्षेची चौकशी करा, किंवा एआयएफएफचा डी लायसन्स हा सुरुवातीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम तिला करू द्या. प्रशिक्षक व्हायचं म्हणून नव्हे. सराव कसा आखतात हे आतून कळलं की प्रश्न आपोआप बदलतात.

पोट भरेल का? नुसत्या फुटबॉलवर, मराठीत, सध्या तरी नाही. मराठी दैनिकांच्या क्रीडा पानावर क्रिकेटच पसरलेलं असतं आणि युरोपच्या बातम्या बहुतेक संस्थांकडून येतात. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशातल्या मुख्य स्पर्धेचा मोसमच लांबणीवर टाकला गेला, तेव्हा खेळाडूंबरोबर लिहिणाऱ्यांचेही धाबे दणाणले. म्हणून कबड्डी, अॅथलेटिक्स, क्रिकेट यांतलं एक जोडीला हवंच. इंग्रजीत बातमी लिहिता आली पाहिजे, व्हिडिओ कापता आला पाहिजे. आणि कागद वाचता आला पाहिजे, याकडे मुलं फार दुर्लक्ष करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये, न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या हस्तक्षेपावरून, फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, तेव्हा मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक हातचा जातोय की काय अशी वेळ आली होती. त्याची अंतिम लढत तुमच्या शेजारी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायची होती. निलंबन उठलं आणि ३० ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाला तिथेच हरवलं. पण त्या दिवसांत कुठल्याच प्रशिक्षकाकडे उत्तर नव्हतं. उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात आणि महासंघाच्या घटनेत होतं, आणि ते वाचता येणारे क्रीडा पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पदवीनंतर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, मराठी पत्रकारितेसाठी भारतीय जनसंचार संस्थेचं (आयआयएमसी) अमरावती केंद्र आहे, इंग्रजीत जायचं तर चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम. वडिलांना सांगा, बँकेच्या परीक्षा पदवीनंतरही देता येतात. तोवर दोन वर्षं तिला लिहू द्या.

आणि पुढच्या सामन्याला तिने जावं. त्या प्रशिक्षकांना सामन्याच्या दिवशी गाठू नये, सरावाच्या दिवशी मैदानावर जाऊन संघाबद्दलचा एखादा साधा प्रश्न विचारावा. कोण दुखापतीतून परतलंय, एवढाही पुरे. उत्तर दिलं तर लिहायचं, नाही दिलं तरी लिहायचं.

रात्रीच्या परतीबद्दलची तुमची काळजी मात्र मला पूर्ण पटते. आयएसएलचा साडेसातचा सामना, त्यानंतर पत्रकार परिषद, मग बातमी पाठवणं, यात अंधेरीतून निघायलाच साडेदहा-अकरा होतात. तिथून घाटकोपर, ठाणे आणि मग ट्रान्स हार्बरने ऐरोली म्हणजे शेवटच्या गाडीची चिंता. इंटर्नशिपच्या पहिल्याच मुलाखतीत तिने विचारावं: रात्रीच्या सामन्यानंतर घरी सोडायची गाडी किंवा टॅक्सीचं बिल ऑफिस देतं का? टाळाटाळ झाली तर तिथे फक्त दुपारचे सामने घ्यायचे.