जाताना वेळ जास्त का?

प्रश्न : मुलीकडे लंडनला चालले आहे. मुंबईहून जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ का लागतो? – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, अंतर तेच, सुमारे 7,200 किलोमीटर. घरातल्या पृथ्वीगोलावर मी शिवणाचा दोरा ताणून पाहिला, तो कास्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून गेला. (विमान बंद हवाई हद्दी टाळत थोडं वळसा घालून जातं.) फरक वाऱ्याचा. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास, येताना साधारण तासभर कमी. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत चार तास वेगळे धराच, पावसाळ्यात घाटासाठी आणखी एक. आणि विमानात दर दोन तासांनी उठून थोडं चाला, पाय सुजू देऊ नका.